ओपनएसएसएचची कॉन्फिग: आधी लिहिलेलंच चालतं

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार, आणि तो अर्धा कुठे कापला ते खाली येईलच. ओपनएसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर एन्क्रिप्टेड लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, पण हा रिव्ह्यू त्याच्या एन्क्रिप्शनचा नाहीये. कमांड मारताना आपण जे ऑप्शन देतो आणि कॉन्फिग फाइलीत जे लिहून ठेवतो, ह्या दोघांचं मिळून शेवटी काय होतं, तेवढ्याचाच आहे. सर्व्हर सांभाळायचं काम करतो, दिवसाची पहिली कमांड एसएसएच आणि शेवटचीही बहुतेक तीच, बारा वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं मी ह्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मूळ नियम उलटा धरून चाललो होतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं, कारण माझ्यासारखे अजून खूप जण असणार ह्याची मला खात्री आहे.

नियम एका ओळीचा आहे. कुठल्याही सेटिंगची जी व्हॅल्यू वाचताना आधी सापडेल ती पक्की, तीच सेटिंग पुढे परत आली तर तिच्याकडे बघायचं नाही. मॅन पेजमध्ये हे सुरुवातीलाच लिहिलंय, कुठे लपवलेलं नाही. पण आपला हात बसलेला असतो दुसऱ्याच सवयीवर. सिसकंट्रोलच्या, म्हणजे लिनक्स कर्नलच्या सेटिंगच्या, फाइली घ्या, त्यात नंतरची फाइल आधीचीवर मात करते. लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीच्या ड्रॉप-इन फाइलींचंही (मूळ फाइलीला हात न लावता शेजारी ठेवायच्या जोडफाइली) तसंच. कोणाला ॲडमिनचे अधिकार ते ठरवणाऱ्या सुडोअर्स फाइलीत दोन नियम लागू पडत असले तर शेवटचा चालतो. त्यामुळे डोक्यात घट्ट बसलेलं असतं की आपलं म्हणणं सगळ्यांच्या शेवटी लिहायचं, फाइलीच्या नावाला ९९ नंबर द्यायचा, म्हणजे विषय संपला. ओपनएसएसएचमध्ये ९९ नंबर दिला की विषय खरंच संपतो, पण तुमचा.

माझ्या बाबतीत झालं ते असं. एका नवीन सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद करायचं होतं, फक्त की (पासवर्डऐवजी वापरायची क्रिप्टोग्राफिक किल्ली) चालली पाहिजे. डेबियन आणि उबुंटू ह्या लिनक्समध्ये एसएसएचडीच्या, म्हणजे सर्व्हरवर लॉगिन स्वीकारणाऱ्या प्रोग्रामच्या, मेन कॉन्फिगच्या वरच्याच भागात इन्क्लूडची ओळ असते, ती शेजारच्या डॉट-डी फोल्डरमधल्या सगळ्या फाइली नावाच्या क्रमाने आत ओढते. मी त्या फोल्डरमध्ये ९९ नंबरची छान फाइल केली, त्यात पासवर्डऑथेंटिकेशन नो लिहिलं, रीलोड केलं, कीने लॉगिन करून पाहिलं, झालं, आणि यादीत बरोबरची खूण करून पुढच्या कामाला लागलो. कीने लॉगिन होणारच होतं हो, ते तसंही होत होतं. पासवर्डने होत नाहीये ना, हे मी तपासलंच नाही. चार महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी लॉग चाळताना 'ॲक्सेप्टेड पासवर्ड' अशी ओळ दिसली आणि पोटात गोळा आला. ओळ आमच्याच एका सहकाऱ्याच्या लॉगिनची निघाली, बाहेरचं कोणी नव्हतं, पण चार महिने दार उघडं होतं हे खरंच. कारण काय, तर सर्व्हर ज्या तयार इमेजवरून उभा केला होता तिच्यात त्याच फोल्डरमध्ये आधीपासून ५० नंबरची एक फाइल होती आणि तिच्यात एकच ओळ, पासवर्डऑथेंटिकेशन येस. ५० आधी वाचली गेली, येस पक्कं झालं, माझ्या ९९ मधल्या नोला कोणी विचारलंच नाही. वॉर्निंग नाही, एरर नाही, लॉगमध्ये एक अक्षर नाही.

आता कोणी म्हणेल की मग साडेचार कसले देतोस, तीन दे. तर ऐका. त्याच दिवशी मला एसएसएचडीचा डॅश टी ऑप्शन नीट कळला, कॅपिटल टी. हा मारला की सगळ्या फाइली वाचून, सगळी डिफॉल्ट भरून, शेवटी हिशेबात काय धरलंय ते प्रत्येक सेटिंगसाठी एकेक ओळ करून समोर ठेवतो. मी त्यात पासवर्डऑथेंटिकेशन शोधलं तर समोर येस. म्हणजे चार महिन्यांपूर्वी ही एक कमांड मारली असती तर पाच सेकंदात कळलं असतं. क्लायंटच्या, म्हणजे आपण जिथून कनेक्ट करतो त्या, बाजूला हेच काम डॅश जी करतो, हाही कॅपिटल, २०१५ च्या ६.८ व्हर्जनपासून आहे, एसएसएच डॅश जी आणि पुढे सर्व्हरचं नाव मारलं की कनेक्शन न करता नुसतं सांगतो की ह्या नावासाठी मी अमुक युजर, अमुक पोर्ट, अमुक की वापरणार आहे. माझं सगळं प्रेम इथे आहे. इतकी सॉफ्टवेअर कॉन्फिग केली, फाइली पाचपाच ठिकाणी, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वेगळे, कमांडवरचे ऑप्शन वेगळे, आणि 'बाबा रे, तुला ह्यातनं नक्की काय समजलं' असं विचारायची सोयच नाही, चालवून बघायचं आणि परिणामावरून अंदाज बांधायचा. ओपनएसएसएच विचारल्यावर सरळ उत्तर देतं.

आणि नियम एकदा समजला की तो किती सरळ आहे हे पण कळतं. वाचायचा क्रम आधी कमांडवरचे ऑप्शन, मग तुमच्या होम डिरेक्टरीतली कॉन्फिग, मग ईटीसी फोल्डरमधली सगळ्या सिस्टिमची. जे आधी सापडेल ते पक्कं, म्हणून कमांडवरचा ऑप्शन फाइलीवर मात करतो आणि तुमची फाइल सिस्टिमच्या फाइलीवर मात करते. प्राधान्याचे वेगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, एकाच नियमातून सगळं निघतं. डॅश ओ देऊन फाइलीत लिहिता येणारी जवळजवळ कुठलीही सेटिंग एका वेळेपुरती कमांडवर देता येते, म्हणजे फाइलीला हात न लावता प्रयोग करायचा, जमलं तर मग फाइलीत लिहायचं. आणि फाइलीतच काहीतरी गोंधळ आहे असा संशय आला तर डॅश कॅपिटल एफ देऊन पुढे नन लिहायचं, म्हणजे एकही कॉन्फिग न वाचता तो कनेक्ट करायला बघतो. तसं केल्यावर चाललं तर दोष तुमच्या फाइलीत, नाही चाललं तर बाहेर कुठेतरी. निम्मा शोध तिथेच संपतो.

क्लायंटच्या फाइलीत ह्या नियमाचा अर्थ असा की खास गोष्टी वर आणि सर्वसाधारण गोष्टी खाली. होस्ट स्टारचा ब्लॉक, जो सगळ्यांना लागू होतो, तो फाइलीच्या तळाला पाहिजे. मी कित्येकांच्या फाइली बघितल्यात जिथे होस्ट स्टार सगळ्यात वर असतो, कारण 'कॉमन गोष्टी आधी' ही प्रोग्रामिंगमधली सवय, आणि मग त्यात युजर लिहिलेला असतो आणि खालच्या प्रत्येक ब्लॉकमधला युजर वाया गेलेला असतो, आणि माणूस दर वेळी कमांडवर युजर ॲट सर्व्हर असं हाताने टाइप करत बसतो कारण 'कॉन्फिग चालत नाही'. चालते, फक्त ब्लॉक तळाला न्या. ह्याला अपवाद आहेत बरं का, आयडेंटिटीफाइल ही सेटिंग परत परत आली तर साठत जाते, सगळ्या की एकेक करून वापरून बघितल्या जातात. लोकलफॉरवर्डही तसंच साठतं. ह्या साठण्यातूनच दुसरा एक त्रास येतो. एजंटमध्ये, म्हणजे की मेमरीत धरून ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सातआठ की भरलेल्या असल्या की क्लायंट एकेक पुढे करतो, सर्व्हरवर मॅक्सऑथट्राइज डिफॉल्ट ६ असतं, आणि बरोबर की यायच्या आतच 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' म्हणून कनेक्शन तुटतं. की बरोबर, सर्व्हर बरोबर, तरी आत जाता येत नाही, आणि माणूस तासभर परमिशन बघत बसतो. त्या होस्टच्या ब्लॉकमध्ये आयडेंटिटीजओन्ली येस लिहा आणि कुठली की ते सांगा, संपलं.

अजून एक बारकावा, होस्टच्या ओळीत जे नाव लिहितो ते तुम्ही कमांडवर जे टाइप केलं त्याच्याशी ताडून बघितलं जातं, खरा पत्ता काय आहे त्याच्याशी नाही. म्हणजे ब्लॉकचं नाव 'डीबी१' असेल आणि तुम्ही थेट आयपी टाइप केला तर तो ब्लॉक लागूच होत नाही. स्क्रिप्टमध्ये आयपी आणि हाताने टाइप करताना टोपणनाव अशी भेळ असली की 'माझ्या हातून चालतं, स्क्रिप्टमधून चालत नाही' हा प्रकार हमखास होतो, आणि इथे पण डॅश जी दोन्ही नावांनी मारून बघितला की फरक दिसतो.

आता अर्ध्या स्टारकडे येतो. पहिली तक्रार अक्षरांची. एसएसएचला पोर्ट सांगायचा स्मॉल पीने आणि एससीपीला (एसएसएचवरून फाइली कॉपी करायची कमांड) कॅपिटल पीने. एससीपीमध्ये स्मॉल पी म्हणजे फाइलींच्या वेळा आणि परमिशन तशाच ठेवायच्या. फाइली न्यायच्या-आणायच्या दुसऱ्या कमांडला, एसएफटीपीला, परत कॅपिटल, एसएसएचडीला आणि एसएसएच-कीस्कॅनला परत स्मॉल. कॉन्फिग फाइल क्लायंटला कॅपिटल एफने द्यायची आणि सर्व्हरला स्मॉल एफने, आणि क्लायंटला चुकून स्मॉल एफ दिला तर तो बॅकग्राउंडला जातो. टीचं तर विचारू नका, क्लायंटमध्ये स्मॉल टी टर्मिनल मागतो आणि कॅपिटल टी टर्मिनल नको म्हणतो, सर्व्हरमध्ये स्मॉल टी फाइल तपासतो आणि कॅपिटल टी तपासून वर सगळं छापतो. डी घ्या, क्लायंटचा कॅपिटल डी म्हणजे सॉक्स प्रॉक्सी, सर्व्हरचा कॅपिटल डी म्हणजे डीमन (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम) होऊ नकोस, पुढेच थांब. मला ह्यामागचं कारण कळतं, एससीपी आरसीपी ह्या जुन्या कॉपी कमांडसारखं वागावं म्हणून तसं आहे, तिथे स्मॉल पीचा अर्थ आधीच ठरलेला होता. ऑप्शनचा अर्थ बदलला तर जगभरातल्या स्क्रिप्ट मोडतील हेही मान्य. पण रोज वापरणाऱ्याला हे जाचतंच. माझा उपाय एकच आहे, पोर्ट कधीच कमांडवर द्यायचा नाही, होस्टच्या ब्लॉकमध्ये लिहायचा, एससीपी आणि एसएफटीपी दोघंही तीच फाइल वाचतात, फाइली सिंक करणारं आरसिंकही आतून एसएसएचच वापरतं, त्यामुळे एकदा लिहिलं की चौघांचं काम होतं. नवीन कोणी टीममध्ये आलं की मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

दुसरी तक्रार मोठी आहे, मॅच ब्लॉकची. एसएसएचडीच्या फाइलीत मॅच लिहून अमुक ग्रुपला किंवा अमुक पत्त्यावरून येणाऱ्यांना वेगळ्या सेटिंग देता येतात, सोय उत्तम आहे. पण हा ब्लॉक बंद करायला कंस नाही, एंड नाही, काही नाही. पुढची मॅचची ओळ येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत तो चालू. आत लिहिलेल्या ओळी आपण स्पेस देऊन आत सरकवतो पण त्या स्पेसला काही अर्थ नाही, ती फक्त आपल्या डोळ्यांसाठी. त्यामुळे फाइलीच्या शेवटी एसएफटीपीवाल्या युजरांसाठी मॅच ब्लॉक असेल आणि कोणी स्क्रिप्टने फाइलीच्या तळाला एक ओळ चिकटवली, तर ती ओळ फक्त त्या युजरांना लागू होते, बाकीच्यांना नाही. पोर्टसारखी काही सेटिंग मॅचच्या आत चालतच नाहीत, तिथे निदान एरर देऊन अडवतो. पण पासवर्डऑथेंटिकेशन, परमिटरूटलॉगिन ह्या तिथे वैध आहेत, त्यामुळे गुपचूप चालून जातं. विंडोजवरच्या ओपनएसएसएच सर्व्हरची जी डिफॉल्ट फाइल येते ना, तिच्या शेवटी ॲडमिनिस्ट्रेटर ग्रुपसाठी मॅच ब्लॉक आधीच लिहिलेला असतो, त्यात त्यांच्या की वेगळ्याच फाइलीतून वाचायला सांगितलेलं असतं. म्हणजे दोन खड्डे एकाच जागी. ॲडमिन युजरने आपल्या होममध्ये की ठेवली तर ती वाचलीच जात नाही, आणि तळाला चिकटवलेली ओळ फक्त ॲडमिनना लागू होते. फाइलीच्या शेवटी काही लिहायचंच असेल तर आधी 'मॅच ऑल' अशी ओळ टाका, मग पुढचं परत सगळ्यांना लागू होतं. आणि डॅश कॅपिटल टी नुसता मारला तर मॅचमधलं दिसत नाही हे लक्षात ठेवा, त्याच्यासोबत डॅश कॅपिटल सी देऊन युजर, होस्ट आणि पत्ता सांगायचा, मग तो त्या माणसासाठी काय लागू होईल ते छापतो. हे फार कमी लोकांना माहिती आहे आणि फार कामाचं आहे.

ह्याच कॅपिटल डॅश टीच्या बाबतीत दोन गोष्टी सांगायलाच हव्यात नाहीतर मी इतकी स्तुती करून तुम्हाला खड्ड्यात घालेन. एक, तो डिस्कवरची आत्ताची फाइल वाचतो, चालू असलेल्या एसएसएचडीच्या डोक्यात काय आहे ते नाही. फाइल बदलून रीलोड केलं नसेल तर डॅश टी नवीन सांगेल आणि सर्व्हर जुनं वागेल. दोन, चालू एसएसएचडीला सर्व्हिसमधून कमांडवरचे ऑप्शन दिलेले असू शकतात, डेबियनमध्ये ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये त्यासाठी एक फाइल आहे, आणि कमांडवरचं आधी वाचलं जातं ना, मग तेच पक्कं. तुम्ही हाताने मारलेल्या डॅश टीला त्यातलं काही कळत नाही. म्हणून मी पीएसमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये, एसएसएचडीची ओळ पण बघून घेतो, कुठल्या ऑप्शनसकट चाललाय ते तिथे दिसतं.

सॉकेट ॲक्टिव्हेशनचा घोळ वेगळाच, आणि तो ओपनएसएसएचच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही, पण वापरणाऱ्याला काय, त्रास तो त्रासच. उबुंटू २२.१० पासून पोर्टवर ऐकायचं काम सिस्टिमडीचं सॉकेट करतं, एसएसएचडी नंतर उठतो. म्हणजे कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलून एसएसएच रीस्टार्ट केलं तरी कान लावून बसलेला जुन्याच पोर्टवर. २४.०४ मध्ये कॉन्फिगमधला पोर्ट वाचून सॉकेटला सांगणारा जनरेटर आलाय, पण तो चालायला सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड करून सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं. इथे डॅश टी पण तुम्हाला नवीन पोर्ट दाखवत राहणार, कारण फाइलीत तोच आहे. एसएस कमांडने खरोखर कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते बघा, तोच शेवटचा शब्द.

आता चूक झाली तर काय, हा भाग. रिमोट सर्व्हरच्या एसएसएचडीची कॉन्फिग बदलणं म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच तासणं, आणि मी एकदा पडलोय पण. अलाउयुजर्समध्ये एक नवीन नाव घातलं, ती यादी लिहिली की यादीत नसलेले सगळे बाहेर, आणि मी स्वतःचं नाव लिहिताना एक अक्षर खाल्लं. स्मॉल टीने तपासलं होतं, तो म्हणाला ठीक आहे, कारण त्याच्या दृष्टीने फाइल बरोबरच होती, असा युजर अस्तित्वात आहे की नाही हे बघणं त्याचं काम नाही. रीलोड केलं, समाधानाने टर्मिनल बंद केलं, आणि मग कन्सोल उघडून देण्यासाठी होस्टिंगवाल्यांच्या मागे अडीच तास. तेव्हापासून चालू सेशन सोडायचं नाही म्हणजे नाहीच. रीलोड केल्याने किंवा रीस्टार्ट केल्याने आधीची सेशन सहसा तुटत नाहीत, ती वेगळ्या प्रोसेसमध्ये असतात, त्यामुळे हे सेशन तसंच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून नवीन लॉगिन करून बघायचं, आणि ते झाल्याशिवाय पहिलं बंद करायचं नाही. बदल धोक्याचा असेल तर मी आधीच जुन्या फाइलीची कॉपी करून दहा मिनिटांनी ती परत जागेवर ठेवून रीलोड करणारा जॉब लावून ठेवतो, सगळं नीट झालं की जॉब रद्द. अजून शांतपणे करायचं असेल तर दुसराच एसएसएचडी वेगळ्या पोर्टवर नवीन फाइल देऊन डॅश डीने, इथे स्मॉल डी, चालवायचा, तो एकच कनेक्शन घेतो आणि नकार का दिला ते जागच्या जागी स्क्रीनवर सांगतो. त्याला पूर्ण पाथ देऊनच चालवावं लागतं, नुसतं एसएसएचडी लिहिलं तर ॲब्सोल्युट पाथ पाहिजे म्हणून हटून बसतो.

डेबियनच्या सर्व्हिस फाइलीत रीलोडच्या आधी स्मॉल टी आपोआप चालवलेला असतो, फाइलीत स्पेलिंग चुकलं असेल तर रीलोडच होत नाही आणि जुना एसएसएचडी जिवंत राहतो. ही फार चांगली गोष्ट आहे. एररही चांगले देतो, कुठली फाइल, कितवी ओळ, कुठला शब्द समजला नाही, सगळं. परमिशनच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचं वागणं वेगळं. तुमच्या होममधल्या कॉन्फिगवर इतरांना लिहायची परवानगी असली तर क्लायंट लगेच 'बॅड ओनर ऑर परमिशन्स' म्हणून थांबतो, कळतं तरी. पण सर्व्हरवर ऑथोराइज्ड कीजची किंवा होम डिरेक्टरीची परमिशन सैल असली तर क्लायंटला फक्त नकार मिळतो, कारण लॉगमध्येच दिसतं, तेही सर्व्हरच्या. क्लायंटवर डॅश व्ही (सविस्तर माहिती छापणारा) तीन वेळा देऊन पानंच्या पानं वाचणारे लोक मी बघितलेत, उत्तर तिथे नसतंच. बाहेरच्याला कारण सांगायचं नाही हे सुरक्षेसाठी योग्यच आहे, मी ह्यासाठी मार्क कापलेले नाहीत.

कंट्रोलमास्टर ऑटो, कंट्रोलपर्सिस्ट दहा मिनिटं आणि त्यांना लागणारा कंट्रोलपाथ, हे तीन मी होस्ट स्टारमध्ये कायम ठेवतो, एकदा जोडलेलं कनेक्शन पुढच्या कमांडींना वापरता येतं, एकामागोमाग वीस छोट्या कमांडी मारायच्या असल्या की फरक जाणवतो. फक्त कॉन्फिग बदलून लगेच तपासायला गेलात तर जुनंच कनेक्शन वापरलं जातं आणि बदल लागूच झाला नाही असं वाटतं. डॅश कॅपिटल ओ आणि पुढे एक्झिट दिलं की जुनं बंद होतं. प्रॉक्सीजंपबद्दल तर काय बोलू, २०१६ मध्ये ७.३ मध्ये आलं, त्याआधी मधल्या सर्व्हरवरून पुढे जायला प्रॉक्सीकमांडची लांबलचक ओळ लिहावी लागायची, आता एक शब्द. त्याच व्हर्जनमध्ये क्लायंटच्या फाइलीला इन्क्लूड आलं, सर्व्हरच्या फाइलीला यायला २०२० चं ८.२ उजाडावं लागलं.

जुन्या स्विच-राउटरवाल्यांसाठी एक. २०२१ च्या ८.८ मध्ये एसएचए-१ हा जुना अल्गोरिदम वापरणाऱ्या आरएसए सह्या डिफॉल्टने बंद झाल्या, आणि जुनी उपकरणं एका रात्रीत बोलेनाशी झाली. लोकांनी उपाय म्हणून होस्ट स्टारमध्येच जुना अल्गोरिदम चालू करून टाकला, हे कृपया करू नका. ज्या उपकरणाला लागतो त्याच्याच ब्लॉकमध्ये लिहा, आणि यादी पूर्ण न लिहिता आधी अधिकचं चिन्ह लावून फक्त तो एक जोडा, म्हणजे बाकीची डिफॉल्ट यादी तशीच राहते आणि पुढच्या व्हर्जनमध्ये सुधारली तर तुम्हालाही मिळते. वजाचं चिन्ह लावून काढता येतं, टोपीचं चिन्ह लावून यादीत पुढे आणता येतं. हे डिझाइन मला मनापासून आवडतं. ज्यांनी इंटरनेटवरून 'सुरक्षित सायफर'ची अख्खी यादी आणून पाच वर्षांपूर्वी चिकटवली ते आजही पाच वर्षांपूर्वीच्याच यादीवर अडकलेत.

कॉन्फिग किती उपयोगाची ठरते हे जुलै २०२४ मध्ये दिसलं, तो 'रिग्रेशन' नावाचा मोठा बग निघाला तेव्हा, ज्यातून बाहेरच्याला लॉगिन न करताच रूट, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा, मिळू शकत होता. पॅच लगेच लावता येत नव्हता त्यांच्यासाठी लॉगिनग्रेसटाइम (लॉगिन पूर्ण करायची वेळमर्यादा) शून्य, म्हणजे मर्यादाच नाही असा, करा, एवढी एक ओळ पुरत होती. त्याने कनेक्शन अडकवून ठेवून सर्व्हर तुंबवता येण्याचा धोका होता, पण रूट कोणाच्या हातात जाण्यापेक्षा ते परवडलं. आमच्याकडे अशा सर्व्हरवर ही ओळ ड्रॉप-इन फोल्डरमध्ये टाकली, आणि फाइलीला नंबर दिला ००.

आता मी प्रत्येक अपग्रेडच्या आधी आणि नंतर डॅश कॅपिटल टीचं आउटपुट फाइलीत घेऊन डिफ करतो, म्हणजे दोन्हींतला फरक काढतो. ९.८ वर जाताना त्या डिफमध्ये परसोर्सपेनल्टीज नावाची नवी ओळ दिसली, डिफॉल्टनेच चालू. लॉगिन पूर्ण न करता परत परत येणाऱ्या पत्त्याला थोडा वेळ दाराबाहेर ठेवायचं, असं ते आहे. आमचं मॉनिटरिंग दर थोड्या वेळाने पोर्ट उघडा आहे का एवढंच बघून लॉगिन न करता निघून जातं, म्हणजे त्याचीही गणती ह्यात होऊ शकते. मॉनिटरिंगचा पत्ता सूट देणाऱ्या यादीत, परसोर्सपेनल्टीएक्झेम्प्टलिस्टमध्ये, अपग्रेडच्या दिवशीच घातला, ०० वाल्या फाइलीत, आणि डॅश टीने छापून बघितला मगच सेशन सोडलं.